खोडव्याचं सूर्यफूल

वर्षातून एक दिवस माणिकराव बिरादार आमच्या फरवानियाच्या ऑफिसात येऊन बसायचे. एरवी हा माणूस सकाळी पाचपासून उन्हात. रस्त्याकडेची झाडं, चौकातली फुलं, ठिबकच्या नळ्या हे त्यांचं राज्य, आणि ऑफिसातला एसी त्यांना सोसायचा नाही. पण मे महिन्यातल्या त्या एका दिवशी स्वच्छ शर्ट घालून, केस चापूनचोपून ते माझ्या टेबलासमोर येऊन बसायचे. "ताई, काय तरी काम द्या. फायली लावतो, च्या करतो. काय बी."

मी या कंपनीत पत्रव्यवहार बघते. आम्ही रस्त्यांची आणि बागांची देखभाल करतो, म्हणजे माणिकरावांसारखे लोक ती करतात आणि माझ्यासारखे त्याबद्दल इंग्रजीत पत्रं लिहितात. पहिल्या वर्षी ते असे येऊन बसले तेव्हा मला वाटलं, अकाम्याचं काहीतरी अडलंय. इथे आखातात राहायचा परवाना म्हणजे अकामा, आणि तो अडला की माणसं अशीच गोड बोलत टेबलाशी येतात. मी जरा फटकूनच विचारलं, "काय काम आहे ते सांगा ना सरळ."

"काम न्हाई ओ," ते म्हणाले. "आज तिकडं पेटुनिया उपटूलालेत. मला बघवत न्हाई."

थंडी सुरू झाली की इथल्या रस्त्यांच्या कडेला आणि चौकाचौकांत पेटुनियाची रोपं लावतात. फेब्रुवारीत राष्ट्रीय सणाचे दिवस येतात तेव्हा सगळं जांभळं, गुलाबी, पांढरं फुललेलं असलं पाहिजे. मे लागला की ऊन ते सगळं भाजून काढतं, मग मुळासकट उपटून ट्रकमध्ये भरायचं आणि नोव्हेंबरात पुन्हा नवी रोपं. माणिकरावांनी हे तेवीस वर्षं केलं होतं. उदगीरकडून माळी म्हणून आले, सुपरवायझर झाले. "लावतो मीच, उपटायचा हुकूम बी मीच देतो," ते म्हणाले. "सुट्टीवर गावाकडं गेलो की लोकं इचारतात, तिकडं काय लावलाव? काय सांगू? तेवीस वर्सांत माझं एक रोप जाग्यावर न्हाई ह्या देशात. जायच्या आधी एक तरी ऱ्हावं, बस."

मी तेव्हा हसण्यावारी नेलं. इथे जाग्यावर कोण आहे? आमच्या मजल्यावरची तीन बिऱ्हाडं दोन वर्षांत बदलली. पण माणिकरावांच्या डोक्यात ते पक्कं होतं आणि त्यांचं औषधही त्यांनी शोधून ठेवलं होतं. कंपनीचं रोपांचं आवार फहाहीलच्या पुढे आहे. मी तिथे एकदा तपासणीच्या कागदांसाठी गेले होते, तर ते मला म्हणाले, "चला, तुम्हाला माझं खोडवं दाखवतो."

आवाराच्या मागच्या कोपऱ्यात पांढऱ्या चीजचे पत्र्याचे रिकामे डबे ओळीने मांडलेले होते. प्रत्येक डब्यात माती, आणि मातीतून वर आलेले वाळके, बोटभर उंचीचे बुडखे. ऑफिसच्या सँडलमध्ये वाळू शिरली होती, ऊन डोक्यात गेलं होतं. मी म्हटलं, "अहो, हे तर मेलंय!"

इतका शांत माणूस, पण तेव्हा भडकला. "ताई, शेंड्याचं ऐकू नका. मुळाला इचारा." त्यांनी बोटाने माती उकरली. आत आल्याच्या गड्ड्यासारखी गाठीगाठींची मुळं होती आणि एकेका गाठीवर गुलाबीसर कोंब.

पूर्वी परदेशी साहेबांच्या एका वसाहतीत काम करताना टेक्सासच्या एका म्हाताऱ्या इंजिनियरने जाताना त्यांना ही मुळं दिली होती. त्याच्याकडच्या गवताळ माळरानावरचं सूर्यफूल. आपल्याकडच्या सूर्यफुलासारखं एकदा फुलून संपत नाही. माणसाच्या डोक्याच्या वर जातं, दिवाळीच्या सुमारास एकेका दांड्यावर वीस-पंचवीस पिवळी फुलं धरतं, मग वाळतं, थंडीत जमिनीखाली झोपतं आणि फेब्रुवारी संपता संपता त्याच मुळांतून पुन्हा उठतं. वर्षानुवर्षं. त्याचं इंग्रजी नाव माणिकरावांच्या तोंडात बसलं नाही, म्हणून ते त्याला 'खोडव्याचं सूर्यफूल' म्हणायचे. मी डोंबिवलीची, मला ऊस माहीत तो रसवंतीपुरता. त्यांनी मला शिकवलं, की ऊस तोडल्यावर जमिनीतल्या बुडख्यातून जो पुन्हा फुटतो त्याला खोडवा म्हणतात. नवीन लागण नाही, बियाणं नाही. "तोडनाऱ्याला वाटतं, संपलं. खोडव्याला ठाऊक असतं, न्हाई संपलं."

त्या दिवसापासून माझी सुटका नव्हती. सकाळी चहाच्या आधी फोनवर चार मिनिटांचा आवाजी निरोप यायचा. पानाचा फोटो, पानाच्या मागच्या बाजूचा फोटो, पानावरच्या किड्याचा फोटो. सुनील, माझा नवरा, रोज विचारायचा, "तुझ्या माणिकरावांना पान आलं का?" मला वैताग यायचा. ऑफिसात माझ्या टेबलावर वाळक्या दांड्याचा तुकडा ठेवून ते निघून जायचे. पण ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं. पानं कोवळी असतील तर शेळ्या फडशा पाडतात, हे त्यांनी आवाराशेजारच्या गोठ्यात करून बघितलं होतं. बियांवर पक्षी येतात. वाळके दांडे सुतळीने बांधून त्यांनी आवारात कूड घातला होता, आणि तोज, म्हणजे धुळीचं वादळ, आलं की त्याच्या आडोशाची रोपं तेवढी वाचायची. मुळांची भाजी होते. "एका रोपाची चार कामं. पेटुनियाचं एकच काम, फोटू."

शेवटी एकदा ते मे महिन्यात नाही, मधेच कधीतरी ऑफिसात आले. "ताई, एक पत्र लिहून द्या मुहंदिस साहेबांना." मुहंदिस म्हणजे इंजिनियर. रस्त्याकडेला काय लावायचं ते त्यांच्या सहीने ठरायचं. आम्ही राहतो त्या महबूलाच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी, एक चिंचोळी पट्टी रिकामी होती. तिथे हे सूर्यफूल लावायची परवानगी हवी होती. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. पाणी कमी लागतं, दरवर्षी लावायला नको, वारा अडतो, फुलं भरपूर. सगळं सांगून झाल्यावर ते टेबलावर बोट आपटत म्हणाले, "आन् हे नक्की लिव्हा. डिसेंबर ते फेब्रुवारी हे झोपतंय. जागा उघडी दिसंल. कुनी हात लावायचा न्हाई."

मी कीबोर्डवरचे हात थांबवले. मला त्या मुहंदिसांची सवय ठाऊक होती. ते पत्रातलं पहिलं 'पण' शोधायचे आणि तिथेच लाल रेघ मारायचे. फेब्रुवारीत जागा उघडी दिसेल असं लिहिलं तर पत्र तिथल्या तिथे मेलं असतं. आधी मंजूर होऊ दे, मग बघू, असा मी विचार केला. ऑफिसात आम्ही असंच करतो. नको ते आधी कशाला सांगायचं? मी ते वाक्य लिहिलंच नाही.

"घातलं का ताई ते वाक्य?"

"हो, घातलं."

त्यांना इंग्रजी वाचता यायचं नाही. त्यांनी कागद हातात घेतला, वरून खालपर्यंत बघितला आणि मान डोलावली.

पत्र मंजूर झालं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मार्चमध्ये माणिकरावांनी ती पट्टी लावली, आणि त्यानंतरचे सहा महिने मी त्यांना फक्त वाकलेलंच बघितलं. ते आमच्या इमारतीपासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, एका खोलीत चौघं. ड्यूटी संपली की खोलीवर जायच्या आधी पट्टीवर. जुलैत पानांच्या कडा करपल्या तेव्हा खजुराच्या झावळ्या तोडून मुळांशी अंथरल्या. दोनदा ठिबकची नळी कुणीतरी गाडी घालून तोडली, दोनदा त्यांनी ती जोडली. ऑगस्टमध्ये आम्ही सगळे सुट्टीवर भारतात जातो. ते गेले नाहीत. "यंदा न्हाई. लेकरू ल्हान हाय," असं घरी कळवलं. बायको म्हणे फोनवर दोन दिवस बोलली नाही.

आणि नोव्हेंबरात ते फुललं. रोज सकाळी गाडी त्या वळणावर आली की मी पुस्तक वाचत असले तरी मान वर करायची. भगभगीत वाळूच्या रंगाच्या त्या रस्त्यावर माणसापेक्षा उंच अशी पिवळी भिंत उभी होती. एका शुक्रवारी मी माझ्या लेकीला, ईराला, घेऊन गेले. माणिकराव तिथे होतेच. त्यांनी एक फूल तिच्या नाकाशी धरलं. "वास घे बाळा." ती म्हणाली, "मम्मा, इट स्मेल्स लाइक चॉकलेट!" मी भाषांतर करून सांगितलं. ते इतके खूश झाले की पुढचा महिनाभर येईल त्याला सांगत होते, चाकलेटचा वास हाय, पुन्याच्या ताईंची पोरगी म्हनली. मी डोंबिवलीची आहे हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

डिसेंबरात ते वाळलं. त्यांनी कापून, पेंढ्या बांधून आवारात नेलं. पट्टीवर उरले बुडखे आणि माती. माणिकराव निर्धास्त होते. "झोपलंय. झोपू द्या. पत्रात लिव्हलंय आपुन." ते असं म्हणाले की मी विषय बदलायची. दोनदा वाटलं, सांगून टाकावं. मग वाटलं, मार्च काय लांब आहे? फुटेल, आणि मग कुणाला काही सांगायची गरजच पडणार नाही.

फेब्रुवारी आला. रस्त्यांवर झेंडे लागले, दिव्यांच्या माळा लागल्या, पेटुनिया बहरल्या. आणि सणाच्या तीन दिवस आधी वरचे कोणी साहेब पाहणी करत महबूलावरून गेले. रंगीत रस्त्याच्या मधोमध त्यांना ती उघडी, बुडख्यांची पट्टी दिसली. तासाभरात मुहंदिसांनी माणिकरावांना ऑफिसात बोलावलं. मला फाईल घेऊन यायला सांगितलं.

माणिकराव घाबरलेले नव्हते, हेच मला आठवतं. त्यांनी मुहंदिसांना आपल्या हिंदीत सांगितलं, "साब, मरा नहीं है, सोया है. लेटर में लिखा है." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "ताई, दाखवा की ते वाक्य."

मी फाईल उघडली. मुहंदिसांनी पत्र काढून वाचलं, मागची बाजू बघितली, पुन्हा वाचलं आणि विचारलं, कुठे लिहिलंय? मी मान खाली घातली. माणिकरावांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग ते मुहंदिसांना म्हणाले, "साब, मेरी गलती. मैं मॅडम को बोलना भूल गया."

हुकूम झाला, उद्या सकाळी साफ करा, पेटुनिया भरा.

मी जिन्यात त्यांना गाठलं. काय बोलले ते धड आठवत नाही, मंजूर व्हावं म्हणून केलं, तुमच्यासाठीच केलं, असलं काहीतरी. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, मी खोडव्याचं पत्र लिहाया सांगितलं हुतं. तुमी पेटुनियाचं लिव्हलं. दिसाया चांगलं, फेब्रुवारीपुरतं." आणि जिना उतरून गेले.

मला वाटलं, दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात येऊन बसतील. मी त्यांच्यासाठी फायलींचा गठ्ठासुद्धा काढून ठेवला. ते आले नाहीत. या वेळी उपटताना मात्र ते पट्टीवरच उभे होते. मी दुपारी रजा टाकून गेले तेव्हा छोटं खोदयंत्र पट्टी खणून मागे फिरत होतं. उलथलेल्या ढेकळांत मुळं दिसत होती, आणि प्रत्येक गाठीला बोटाच्या पेराएवढा हिरवा कोंब आला होता. फार तर पंधरा दिवसांचा प्रश्न होता. माणिकराव कांद्याच्या जाळीदार पोत्यात मुळं वेचत होते. मी वाकून वेचू लागले. त्यांनी नको म्हटलं नाही, बोललेही नाहीत.

पण इतकी मुळं लावायची कुठे? त्यांच्या खोलीला खिडकी एक, इमारतीच्या गच्चीला कुलूप. आवारातल्या डब्यांनाही मुहंदिसांनी बंदी केली होती. चार-दोन मुळं माझ्या बाल्कनीतल्या कुंडीत लावली. उरलेलं पोतं घेऊन ते महाशिवरात्रीला आमच्या घरी आले. "टाकायची न्हाईत. खाऊ." आमच्याकडे दरवर्षी आठ-दहा मराठी मंडळी फराळाला असतात. पहिला प्रश्न अर्थातच आला, हे उपासाला चालतं का? अर्धा तास त्यावर काथ्याकूट झाला. शेवटी माणिकराव वैतागून म्हणाले, "बटाटा कुठं म्हादेवाच्या गावचा हाय? त्यो बी भायेरूनच आला. हे बी आलं. लई इचारू नका, खावा." त्यांनी स्वतः तुपात जिऱ्याची फोडणी केली, हिरवी मिरची, दाण्याचं कूट घातलं. भाजी सुरेख झाली होती, गोडसर, शिंगाड्याच्या चवीची. सगळ्यांनी दोनदा घेतली. आणि तासाभरात एकेकाचं पोट असं फुगलं की बायका पदर सैल करून बसल्या आणि सुनील गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागला. या मुळांनी गॅस होतो हे माणिकरावांनी आम्हाला आधी सांगितलं नव्हतं.

"माहीत होतं तुम्हाला?" मी विचारलं.

"हुतं की. सांगितलं असतं तर कुनी खाल्लं असतं का?" ते माझ्याकडे बघत म्हणाले. त्या दिवसानंतर आमचं बोलणं मात्र पुन्हा सुरू झालं.

त्याच वर्षी त्यांना साठ पुरी झाली. कंपनीने अकामा वाढवला नाही. दोन आठवड्यांत सव्वीस वर्षांचं सामान बांधून माणूस मोकळा. विमानतळावर मी आणि सुनील गेलो होतो. मी विचारलं, "मुळं नेता का थोडी?" ते म्हणाले, "तिकडं ऊस हाय, खोडवा हाय. तिकडं कशाला? इथं ऱ्हायला पायजे हुतं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेले. मला त्या मुहंदिसाचा राग आला, वरच्या साहेबाचा आला, आणि जो यायला हवा होता तो माझा स्वतःचा राग पार्किंगमध्ये पोचल्यावर आला. सुनीलने गाडी सुरू न करता मला रडू दिलं.

बाल्कनीतलं एक मूळ फुटलं, पण आमची बाल्कनी उत्तरेची. काडीसारखं लांब वाढतं आणि फुलत नाही. रोज सकाळी त्याला पाणी घालताना मी त्याच्यावर चिडते.

या मार्चमध्ये गाडी त्या वळणावर हळू झाली तेव्हा मला पेटुनियांच्या गर्दीत काहीतरी उंच दिसलं. मी उतरले. खोदयंत्राने मुळांचे तुकडे केले होते, आणि तुकडा तेवढं रोप. सात ठिकाणी फुटलं होतं. मी फोटो काढून माणिकरावांना पाठवले. दुसऱ्या दिवशी नव्या सुपरवायझरने ते तण म्हणून उपटून टाकलं. पंधरा दिवसांत पुन्हा आलं, अकरा ठिकाणी. पुन्हा उपटलं. मग मी एक पत्र लिहिलं. आता नवे मुहंदिस आहेत. पत्र पाठवलं आणि उदगीरला फोन लावला.

"काय करूलालाव ताई?"

"पत्र लिहिलंय. खोडव्याचं. ते राहू द्यावं म्हणून."

पलीकडे कुठेतरी मोटर चालू होती. "ते वाक्य घातलं का?"

"पहिलंच वाक्य आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हे झाड झोपतं, जागा उघडी दिसेल, कुणी हात लावू नये."

"पयलंच?"

"पहिलंच."

"मग न्हाई मंजूर व्हायचं," माणिकराव म्हणाले, आणि किती दिवसांनी हसले.

पत्राला उत्तर आलेलं नाही. येईल असं मला वाटतही नाही. काल तिसऱ्यांदा उपटलं. मी चिडून फोन केला, की हे लोक उपटायचं काही सोडत नाहीत, मी करू तरी काय?

"काय बी करू नका," ते म्हणाले. "उपटू द्या. बघू, कोन आधी कटाळतंय."